राज्यपालाची बदली

एप्रिल १९८४ मध्ये जम्मू-काश्मीरचे राज्यपाल ब्रजकुमार नेहरू यांची गुजरातला बदली झाली आणि २६ तारखेला त्यांच्या जागी जगमोहन यांनी सूत्रे घेतली. त्या वेळच्या बातम्यांतही ‘बदली’ हाच शब्द होता आणि आजही एखादा राज्यपाल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की आपण तोच शब्द सहज वापरतो. तहसीलदाराची बदली होते, फौजदाराची होते, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची होते, तशी राज्यपालाचीही होते, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. मात्र राज्यघटनेतली राज्यपालविषयक कलमे वाचली, तर तिथे नेमणूक आहे, शपथ आहे, राजीनामा आहे, मुदत आहे, राष्ट्रपतींची मर्जीही आहे; बदली हा शब्द कुठेही नाही. १९७९ साली रघुकुल तिलक यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तर स्पष्ट सांगितले की राज्यपालपद ही भारत सरकारच्या हाताखालची नोकरी नाही. जो नोकर नाही त्याची बदली कशी होते, या प्रश्नाचे सरळ उत्तर गेल्या चार दशकांत कोणत्याही पक्षाच्या केंद्र सरकारने दिलेले नाही.

माझे म्हणणे असे आहे की राज्यपालपदाची जी घसरण आपण पाहतो आहोत, तिचे मूळ बरखास्त्या आणि पहाटेचे शपथविधी यांच्याही आधी, या बदलीत आहे. राज्यपाल म्हणजे केंद्राने राज्यात ठेवलेला वकील, ही समजूत त्या शब्दात दडलेली आहे आणि ती समजूत चुकीची आहे. हे सांगण्यासाठी मी ब्रजकुमार नेहरूंचेच उदाहरण घेतो, कारण ते खरोखरचे वकील होते. वकील हा शब्द मी इथे जुन्या मराठी अर्थाने वापरतो आहे. पेशवाईत दिल्ली दरबारी पुण्याची बाजू मांडायला नाशिककडच्या हिंगणे घराण्यातली माणसे राहत, त्यांना वकील म्हणत. आपल्या धन्याचे म्हणणे परक्या दरबारात ठामपणे मांडायचे आणि तिथली खबर, गोड असो वा कडू, खरीखरी कळवायची, हे त्यांचे काम. आजच्या राजदूताचे काम याहून फारसे वेगळे नाही. नेहरूंनी वॉशिंग्टनमध्ये आणि लंडनमध्ये हे काम वर्षानुवर्षे केले आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे ते राज्यपालही राहिले. ही दोन कामे वेगळी आहेत याची जाण त्यांना होती. त्यांना नेमणाऱ्यांना ती नव्हती.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९०९ चा, अलाहाबादचा. आजोबा नंदलाल हे मोतीलाल नेहरूंचे थोरले भाऊ, म्हणजे पंडितजींशी चुलत नाते आणि इंदिरा गांधींशी भावाबहिणीचे. अलाहाबाद, लंडन आणि ऑक्सफर्ड इथे शिक्षण, १९३४ साली आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातली सनदी सेवा, पंजाब केडर. शिकत असताना ओळख झालेल्या हंगेरीच्या ज्यू कुटुंबातल्या फोरी यांच्याशी १९३५ मध्ये विवाह. पुढे अर्थखात्यात चढत गेलेला हा अधिकारी जागतिक बँकेत भारताचा कार्यकारी संचालक झाला. १९५८ साली परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि दुसरी पंचवार्षिक योजना अडली, तेव्हा जागतिक बँकेच्या पुढाकाराने भारताला मदत करणाऱ्या देशांचा जो गट उभा राहिला, त्याच्या वाटाघाटींत भारताच्या बाजूने बसलेला माणूस हाच. मदत मागणे हे काम कुणालाही आवडत नाही. त्यांनी ते आकडे आणि युक्तिवाद घेऊन केले. १९६१ ते १९६८ अशी सात वर्षे ते अमेरिकेत भारताचे राजदूत होते. केनेडी आणि जॉन्सन या दोन्ही अध्यक्षांच्या काळात, चीनच्या युद्धात, पाकिस्तानच्या युद्धात आणि अमेरिकन गव्हाच्या जहाजांकडे देश डोळे लावून बसला होता त्या दुष्काळातही, वॉशिंग्टनमध्ये भारताचा आवाज म्हणजे त्यांचा आवाज होता.

या सात वर्षांतला एक प्रसंग वकिलाचे काम काय असते ते नेमके दाखवतो. १९ नोव्हेंबर १९६२. चीनच्या युद्धात ईशान्य सीमेवरची सेला आणि बोमदिला ही ठाणी हातातून गेली होती आणि आसामच्या मैदानाचे काय होणार, या काळजीने दिल्ली हादरली होती. त्या एका दिवशी पंतप्रधान नेहरूंनी अध्यक्ष केनेडींना दोन पत्रे पाठवली. दुसऱ्या पत्रात ध्वनीहून वेगवान लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या, त्या चालवायला अमेरिकन वैमानिक आणि वर बी-४७ बॉम्बफेकी विमाने अशी मागणी होती. ज्या देशाने अलिप्ततेचा झेंडा जगभर मिरवला, त्याच्या पंतप्रधानाने लिहिलेले ते पत्र राजदूताच्या हाती आले. वाचून ते इतके व्यथित झाले की त्यांनी ते आपल्या कचेरीतल्या एकाही सहकाऱ्याला दाखवले नाही. ते स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवले. आणि तरीही ते पत्र त्यांनी पोचवले. ते पत्र पोचवू नये असे त्यांना वाटले असेल, पण तो निर्णय त्यांचा नव्हता. देशाचे परराष्ट्र धोरण कुणी ठरवायचे याचे उत्तर स्पष्ट असते आणि राजदूत हा त्या उत्तराला बांधलेला असतो. त्याला मत असते, ते तो बंद लिफाफ्यातून आपल्या सरकारला कळवू शकतो; मात्र परक्या दरबारात त्याच्या तोंडून सरकारच बोलत असते.

त्याच न्यायाने, १९७३ ते १९७७ या काळात लंडनमध्ये उच्चायुक्त असताना त्यांनी आणीबाणीचे समर्थन केले. ही गोष्ट मी झाकून ठेवू इच्छित नाही. देशातले विरोधी नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता आणि लंडनमधल्या भारतीयांना, ब्रिटिश खासदारांना आणि पत्रकारांना भारताचा उच्चायुक्त सांगत होता की हे आवश्यक आहे. त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता, असे माझे मत आहे. राजदूताला सरकारची बाजू मांडावीच लागते हे खरे, पण पद सोडण्याचा दरवाजा त्याला नेहमी उघडा असतो आणि तो दरवाजा वापरण्याची वेळ आयुष्यात एखादीच येते. नेहरूंनी ती वेळ जाऊ दिली. म्हणून काश्मीरमधल्या त्यांच्या वागण्याकडे पाहताना कुणी त्यांना जन्मजात बंडखोर किंवा इंदिरा गांधींचे छुपे विरोधक समजू नये. ते आप्त होते, विश्वासातले होते, सरकारची अवघड बाजूही त्यांनी जगासमोर मांडली होती. संसदीय पद्धत आपल्या देशाला पेलत नाही, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी जाहीरपणे मांडलेही. असा माणूस राज्यपाल म्हणून ‘नाही’ म्हणाला, तेव्हा त्या नकाराचे कारण त्याच्या राजकारणात सापडत नाही. ते पदात शोधावे लागते.

राज्यपाल म्हणून त्यांची पहिली नेमणूक १९६८ सालची, आसाम आणि नागालँडची. आसामची राजधानी तेव्हा शिलाँगला होती. जानेवारी १९७२ मध्ये ईशान्येची फेररचना झाली. मेघालय, मणिपूर, त्रिपुरा ही पूर्ण राज्ये झाली आणि एकच माणूस पाच राज्यांचा राज्यपाल झाला. नागालँडमध्ये राज्यपालाला कायदा-सुव्यवस्थेची विशेष जबाबदारी खुद्द घटनेनेच, कलम ३७१-अ अन्वये, दिलेली आहे. जिथे घटना अधिकार देते तिथे तो वापरायचा आणि जिथे देत नाही तिथे हात आवरायचा, हा फरक ज्याला शिकायचा असेल त्याला ईशान्येहून चांगली शाळा नव्हती.

फेब्रुवारी १९८१ मध्ये ते जम्मू-काश्मीरला आले. या राज्याची एक गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. १९६५ पर्यंत तिथला राज्यप्रमुख, म्हणजे सदर-ए-रियासत, राज्याचे विधिमंडळ निवडत असे आणि राष्ट्रपती त्याला मान्यता देत. त्या वर्षी राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन इतर राज्यांसारखा केंद्राने नेमलेला राज्यपाल आला. जे लोक आपला राज्यप्रमुख निवडत होते त्यांना दिल्लीहून पाठवलेला राज्यप्रमुख मिळाला, तेव्हा त्या राज्यपालाने तरी आपण दिल्लीचे मुखत्यार नाही हे आपल्या वागण्यातून दाखवणे किती गरजेचे होते, हे वेगळे सांगायला नको.

नेहरूंनी ते कसे दाखवले, याची पहिली खूण पुनर्वसन विधेयकाच्या प्रकरणात दिसते. फाळणीच्या धुमाळीत आणि नंतर १९५४ पर्यंत पाकिस्तानात गेलेल्या राज्याच्या रहिवाशांना परत येऊन वसण्याची परवानगी देणारे हे विधेयक शेख अब्दुल्लांच्या काळात विधिमंडळाने मंजूर केले. देशभर वादळ उठले. सीमेपलीकडून कोण येईल, नागरिकत्व हा केंद्राचा विषय असताना राज्य असा कायदा कसा करते, हे आक्षेप पोकळ नव्हते. राज्यपालांनी विचाराला वेळ घेतला, मग सप्टेंबर १९८२ मध्ये विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले. ८ सप्टेंबरला शेखसाहेब वारले होते आणि त्याच रात्री नेहरूंनी फारूख अब्दुल्लांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला विधिमंडळाने तेच विधेयक पुन्हा मंजूर केले आणि ६ ऑक्टोबरला राज्यपालांनी त्यावर सही केली. एकदा परत पाठवायचे, आपले आक्षेप लेखी मांडायचे आणि लोकांच्या प्रतिनिधींनी पुन्हा मंजूर केले की सही करायची: घटनेने राज्यपालाला दिलेली वाट एवढीच आहे आणि ते तिच्यावरून चालले. पुढे तो कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, प्रत्यक्षात आलाच नाही, हा वेगळा इतिहास. राज्यपालाला कायदा आवडला की नाही हा प्रश्न सहीच्या क्षणी संपलेला असतो, हे त्यांनी मानले.

आजची स्थिती याच्या शेजारी ठेवून पाहावी. पंजाब, तमिळनाडू, केरळ, तेलंगणा या राज्यांना विधेयकांवर राज्यपालांनी काहीतरी निर्णय घ्यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूची दहा विधेयके मंजूर झाल्याचे मानले आणि मुदती घालून दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत देताना पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की न्यायालयाला अशा मुदती घालता येणार नाहीत आणि मानीव मंजुरीही देता येणार नाही, मात्र राज्यपालाने विनाकारण अनिश्चित काळ बसून राहणेही चालणार नाही. न्यायालय जे घड्याळ लावू शकत नाही म्हणते, ते घड्याळ राज्यपालाच्या स्वतःच्या मनात असावे अशी घटनाकारांची अपेक्षा होती. तसे नसेल तर ते बाहेरून कुणी लावायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

जून १९८३ च्या निवडणुकीत नॅशनल कॉन्फरन्सने ४६ जागा जिंकल्या. काँग्रेस आणि फारूख यांच्यात युती व्हायची ती झाली नव्हती आणि प्रचार कडवट झाला होता. त्यानंतर फारूख यांनी देशभरच्या विरोधी मुख्यमंत्र्यांना आणि नेत्यांना श्रीनगरला बोलावले आणि दिल्लीचा संताप वाढला. नॅशनल कॉन्फरन्समधले काही आमदार फारूख यांचे मेहुणे गुलाम महंमद शाह यांच्या मागे जायला तयार होते. राज्यपालांनी या आमदारांची मोजदाद राजभवनात करून घ्यावी, सरकारने बहुमत गमावले असे ठरवावे आणि नव्या माणसाला शपथ द्यावी, असा दबाव त्यांच्यावर आला. नेहरूंची भूमिका होती की बहुमत विधानसभेत मोजतात, राजभवनाच्या दिवाणखान्यात नाही. मुख्यमंत्र्याने बहुमत गमावले असे वाटत असेल तर अधिवेशन बोलवा, मतदान घ्या, सरकार पडले तर पडेल. फारूख यांच्या कारभाराबद्दल त्यांना प्रेम होते म्हणून ते असे म्हणत नव्हते. निवडून आलेले सरकार पाडण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, इतकेच त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी दिल्लीला बजावून सांगितले. त्याचे उत्तर म्हणून गुजरातची बदली आली.

पुढे जे झाले ते वेगाने झाले. २ जुलै १९८४ च्या सकाळी शाह बारा फुटीर आमदार आणि एक अपक्ष घेऊन नव्या राज्यपालांपुढे उभे राहिले. अधिवेशन बोलवा, नाहीतर विधानसभा विसर्जित करा, ही फारूख यांची मागणी मानली गेली नाही. त्यांना बरखास्त करून शाह यांना शपथ देण्यात आली आणि फुटून आलेले बाराही आमदार मंत्री झाले. राज्यात संचारबंदी इतक्या वेळा लागली की लोक नव्या मुख्यमंत्र्यांना ‘गुल कर्फ्यू’ म्हणू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात राज्यपाल रामलाल यांनी एन. टी. रामाराव यांना याच पद्धतीने घालवले. तिथे लोक रस्त्यावर उतरले, राज्यपालांना जावे लागले आणि महिन्याभरात रामाराव परत आले. काश्मीरमध्ये तसे झाले नाही. १९८९ नंतरच्या रक्तपातामागे एकच कारण नव्हते. पाकिस्तान होता, १९८७ ची निवडणूक होती, अफगाणिस्तानातून सुटलेली बंदूक होती. पण मतपेटीने आपले सरकार ठरत नाही, ही भावना काश्मिरी तरुणाच्या मनात रुजायला १९८४ चा जुलै कारणीभूत झाला, हे मला नाकारता येत नाही. बहुमताचा निवाडा सभागृहातच व्हायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात १९९४ साली ठामपणे सांगितले. एका राज्यपालाने ते दहा वर्षे आधी सांगितले होते आणि त्यापायी त्याला राज्य सोडावे लागले.

घटनाकारांना हा धोका दिसला नव्हता असे नाही. मसुद्यात राज्यपाल निवडून यावा असा पर्याय होता. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री यांच्यात सत्तास्पर्धा होईल, या भीतीने मे १९४९ च्या अखेरीस घटना समितीने नेमणुकीचा मार्ग पत्करला. डॉ. आंबेडकरांनी त्याच चर्चेत स्पष्ट केले की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने करावे असे काम नाही, त्याला कर्तव्ये आहेत. पद बिनसत्तेचे असणार आहे, तेव्हा नेमणारा कोण याने फारसे बिघडणार नाही, असा त्यामागचा विश्वास होता. मात्र कलम १५६ ने राज्यपालाला पाच वर्षांची मुदत देतानाच ती राष्ट्रपतींच्या, म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाच्या, मर्जीवर ठेवली. दुसरीकडे कलम १५९ ची शपथ त्याला घटना आणि कायदा यांचे रक्षण करायला आणि राज्याच्या जनतेच्या सेवेला वाहून घ्यायला सांगते. त्या शपथेत केंद्र सरकारचे नाव नाही. शपथ एकाची आणि मर्जी दुसऱ्याची, या पेचात राज्यपाल कायमचा अडकला आहे. नेहरू शपथेच्या बाजूला उभे राहिले; बहुतेकांना मर्जीची बाजू सोयीची वाटली.

हा केवळ उत्तरेकडचा किंवा जुना विषय नाही. राजनयातून आलेले राज्यपाल महाराष्ट्रानेही पाहिले आहेत. विजयालक्ष्मी पंडित, अनेक देशांत राजदूत राहिलेले आणि १९७६ साली पदावर असतानाच निधन पावलेले अली यावर जंग, लंडनमध्ये उच्चायुक्त राहिलेले पी. सी. अलेक्झांडर. अलेक्झांडर यांच्याच काळात, १९९४ साली, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे आली. कलम ३७१(२) ने महाराष्ट्राच्या राज्यपालाला निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी दिली आहे. १९५३ च्या नागपूर करारातले आश्वासन आणि दांडेकर समितीने मोजून दाखवलेला अनुशेष यांच्यामागे उभी राहिलेली ही घटनात्मक ताकद आहे. सिंचनाचा पैसा कुठे जातो, हे विचारण्याचा अधिकार मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या वतीने राजभवनाला आहे. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. राजभवन आणि सरकार यांच्यात त्या वर्षांत जो संघर्ष पेटला होता, त्यात या प्रश्नाची चर्चा पहिल्या पानावर क्वचितच आली. ज्या एका बाबतीत घटना आमच्या राज्यपालाला खरोखर काम सांगते, तिथे शांतता होती.

आणि बाकीचे आपल्या डोळ्यांसमोर घडले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठवली गेली आणि लोक चहा घेत असताना दूरचित्रवाणीवर शपथविधी संपला होता. विधान परिषदेवरच्या बारा नामनियुक्त सदस्यांची मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली यादी राजभवनात पडून राहिली. वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगूनही ती हलली नाही. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले की जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी घ्यायला सांगण्याइतपत वस्तुनिष्ठ सामग्री तेव्हाच्या राज्यपालांपुढे नव्हती. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुनी स्थिती परत आणता येणार नव्हती. राज्यपाल चुकल्याचे ठरते आणि चुकीचा परिणाम तसाच राहतो, असा अनुभव काश्मीर, आंध्र आणि महाराष्ट्र या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात आला आहे.

बदलीचा शब्दही आपल्याकडे येऊन गेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल के. शंकरनारायणन यांना मिझोरामला पाठवल्याचा आदेश निघाला आणि त्यांनी तिकडे न जाता राजीनामा दिला. त्याच्या दहा वर्षे आधी, २००४ मध्ये, केंद्रात दुसऱ्या आघाडीचे सरकार आले तेव्हा उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा या चार राज्यांच्या राज्यपालांना एका फटक्यात काढण्यात आले होते. या दोन्ही वेळी सत्तेवर असलेले पक्ष वेगळे होते, वागणूक एकच होती. २००४ च्या प्रकरणावर २०१० साली बी. पी. सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केंद्राचे धोरण पटत नाही किंवा केंद्राचा विश्वास उरला नाही एवढ्या कारणावरून राज्यपालाला काढता येणार नाही, त्याला सबळ कारण लागेल. निकाल चांगला आहे; पण तो काढून टाकण्याबद्दल आहे. बदलीला कारण लागत नाही. बदलीत पद जात नाही, मान जात नाही, फक्त ते राज्य जाते, म्हणून कुणी न्यायालयात जात नाही आणि वर्तमानपत्रातही ओरड होत नाही. केंद्राला नको असलेला राज्यपाल हलवण्याची ही सर्वांत सोपी आणि सर्वांत बिनआवाजी वाट आहे.

याला दोन आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीर आहेत. पहिला असा की सीमेवरच्या राज्यांत केंद्राला आपल्या खात्रीचा माणूस हवाच. फुटीर शक्ती मातल्या तर राज्यपालच हात बांधून बसला असे होऊ नये. याला माझे उत्तर असे की केंद्राकडे गुप्तचर यंत्रणा आहे, सैन्य आहे, निमलष्करी दले आहेत, राज्याच्या संरक्षणाचे कलम ३५५ आणि राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ आहे. यांपैकी कशासाठीही राज्यपालाने केंद्राचा हस्तक व्हायची गरज नाही. उलट, राष्ट्रपती राजवटीसाठी जो अहवाल त्याने पाठवायचा असतो, तो केंद्राला हवा तसा नसून खरा असला, तरच त्याचा उपयोग. दिल्लीला आवडणार नाही अशी खबरही देणारा वकील पेशव्यांना मोलाचा वाटत असे. आपल्या केंद्र सरकारांना तशी खबर देणारा राज्यपाल नकोसा होतो, याहून केंद्राच्याच हिताला घातक दुसरे काय असेल? काश्मीरमध्ये नेहरूंनी दिलेला सल्ला ऐकला असता तर दिल्लीचे नुकसान झाले असते, असे आज कुणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा की मुदतीची पक्की हमी दिली तर राज्यपाल कुणालाच जबाबदार राहणार नाही. हा आक्षेप मला अधिक पटतो आणि म्हणून केवळ हमी पुरेशी नाही असे मला वाटते. केंद्र-राज्य संबंधांचा विचार करणाऱ्या सरकारिया आयोगाने १९८८ साली सुचवले होते की राज्यपाल त्या राज्याबाहेरचा, सक्रिय राजकारणात अलीकडे फारसा नसलेला असावा, त्याच्या नेमणुकीआधी मुख्यमंत्र्याशी विचारविनिमय व्हावा आणि त्याची पाच वर्षे अगदी असाधारण कारणाशिवाय मोडू नयेत. त्याच विषयावरचा पुंछी आयोग २०१० मध्ये आणखी पुढे गेला; मर्जीचे कलमच काढून टाकावे आणि राज्यपालाला दूर करायचे तर ते राष्ट्रपतींवरच्या महाभियोगासारख्या रीतीने, राज्याच्या विधिमंडळामार्फत व्हावे, असे त्याने सांगितले. ही शिफारस मला बरोबर वाटते. ज्या जनतेच्या सेवेची शपथ राज्यपाल घेतो, तिच्या प्रतिनिधींपुढे तो जबाबदार असावा, यात वावगे काय आहे? मोठ्या बहुमताची अट ठेवली की चालू सरकार त्याला मनमानीने हटवू शकणार नाही. या शिफारशीत मी एकच वाक्य वाढवीन: मुदत चालू असताना राज्यपालाला त्याच्या लेखी संमतीशिवाय आणि त्या राज्याच्या मुख्यमंत्र्याला कळवल्याशिवाय दुसऱ्या राज्यात पाठवता येणार नाही. घटनादुरुस्ती होईपर्यंत हा संकेत म्हणूनही पाळता येईल. त्याला संसदेचे दोन-तृतीयांश लागत नाहीत, केंद्र सरकारने मनावर घेतले की पुरे.

माणूस चांगला निवडला की काम भागते, असे मानणाऱ्यांसाठी नेहरूंची गोष्ट शेवटपर्यंत सांगायला हवी. निवड चांगलीच होती. अनुभव होता, निष्ठेबद्दल शंका नव्हती, पंतप्रधानांशी नाते होते, काश्मिरी पंडितांचे कूळ असूनही शेख अब्दुल्लांच्या पक्षाशी त्यांनी सरळ व्यवहार ठेवला होता. असा माणूससुद्धा घटनेवर बोट ठेवून उभा राहिला, तेव्हा त्याला हलवायला एक कागद पुरला. ते फेब्रुवारी १९८६ पर्यंत गुजरातमध्ये राहिले. तिथे १९८५ चे राखीव जागांवरचे दंगे आणि माधवसिंह सोळंकींचा राजीनामा त्यांनी पाहिला. नंतर ते कसौलीला स्थायिक झाले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये वारले. ज्या शाह सरकारसाठी त्यांना काश्मीरमधून हलवण्यात आले, ते सरकार त्यांचा गुजरातमधला कार्यकाळ संपल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ७ मार्च १९८६ रोजी, जगमोहन यांनीच बरखास्त केले आणि राज्यात राज्यपाल राजवट लागू झाली.